शितावरून भाताची परीक्षा आणि तिकोनी इंजिन

आमच्या मावळातल्या माणसाला दम म्हणजे काय हे कुणी शिकवावे लागत नाही. घाटाच्या तोंडाशी राहणाऱ्याला ते आपोआप कळते. १८३० साली मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने बोरघाटातला गाडीरस्ता खुला केला आणि देशावरच्या बैलगाड्या कोकणात उतरू लागल्या. उतरू लागल्या तशा चढूही लागल्या, आणि बैलांच्या तोंडाला फेस येऊ लागला. पुढे १८५६ मध्ये रेल्वेचे काम सुरू झाले. सात वर्षे हजारो मजुरांनी डोंगर फोडला, त्यातले कितीतरी साथींनी मेले. कंत्राटदार ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे येऊन थोड्याच दिवसांत वारला, तेव्हा त्याची बायको अ‍ॅलिस हिने ते कंत्राट पुढे चालवले. १८६३ च्या एप्रिलात गाडी घाट चढली. सदतीस फुटांना एक फूट असा तो चढ. आजही कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने लावून ती वर ढकलावी लागते. शिंग्रोबाच्या देवळापाशी ड्रायव्हर हात जोडतात ते काही उगीच नाही.

मोटारी आल्या तेव्हा घाटाने त्यांचीही परीक्षा घेतली. साठ-सत्तरच्या दशकांत खंडाळ्याच्या वळणांवर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाट आणि अँबॅसिडर हे नेहमीचे दृश्य होते. कुणाचे पाणी उकळलेले, कुणाचा क्लच जळालेला, तर कुणाची गाडी नुसतीच हताश. अशा हताश गाडीबद्दल लोणावळ्याचा मिस्त्री एकच वाक्य बोलायचा, "इंजिनात दम नाही, कॉम्प्रेशन गेलंय." एवढे ऐकले की मालकाचा चेहरा उतरायचा. कारण त्या वाक्याचा अर्थ इंजिन खोलणे, बोअर-पिस्टनचे काम आणि महिनाभराच्या पगाराला कात्री.

आज या कॉम्प्रेशनविषयीच लिहायचे आहे. मी भाषा शिकवणारा माणूस, यंत्रातला नव्हे. पण या शब्दाचा इतिहास मनोरंजक आहे, आणि त्यातून निघणारी गोष्ट यंत्रापुरती नाही असे मला वाटते.

इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण जाते. ते पेटवण्याआधी दाबायचे, हे आज आपल्याला साहजिक वाटते. पण सुरुवातीला तसे नव्हते. १८६० मध्ये लेन्वारने गॅसवर चालणारे इंजिन केले त्यात मिश्रण न दाबताच पेटवले जाई. ते चाले, पण फार गॅस खाई आणि काम थोडे करी. आधी दाबा आणि मग पेटवा, हे चार धावांचे तंत्र ऑटोने १८७६ मध्ये यशस्वी करून दाखवले, आणि मोटारयुगाचे दार उघडले. चुलीतला जाळ आणि सुतळी बॉम्ब यांत जो फरक, तोच इथे. दारू तीच, पण आवळून बांधली की तिचा जोर वेगळा.

आता दाबायचे म्हटले की गळती आली. दट्ट्या आणि त्याचा नळा यांत फट राहणार, म्हणून दट्ट्याला रिंगा बसवतात. रिंगा झिजल्या की दाब निसटतो. तो किती उरला हे पाहण्यासाठी प्लग काढून त्या भोकात गेज लावायचा, सेल्फ मारून इंजिन नुसते फिरवायचे आणि काटा कुठवर जातो ते वाचायचे. ही झाली कॉम्प्रेशन टेस्ट. गेज नव्हता तेव्हाही परीक्षा होतीच. जुन्या गाडीला पुढून हॅण्डल मारताना हाताला चार वेळा अडल्यासारखे होई. त्यातली एखादी अडण मऊ लागली की जाणता ड्रायव्हर ओळखे, एक सिलिंडर गेला.

हे सारे उकरून काढायला निमित्त झाले ते माझ्या भाच्याच्या फोनचे. तो बरीच वर्षे अमेरिकेत डेन्व्हरला असतो. जुन्या गाड्यांचा नाद. त्याने एक वापरलेली माझ्दा आरएक्स-८ घेतली होती. माझ्दा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आला स्वराज माझ्दाचा टेम्पो. पण ही गाडी निराळी, हिच्यात दट्ट्याच नाही. सकाळी सुरू व्हायला वेळ घेते म्हणून त्याने ती एका गॅरेजात दाखवली, तर त्यांनी कॉम्प्रेशन तपासून सांगितले की इंजिन संपले, नवे बसवा. "मामा, इंजिनाची किंमत गाडीपेक्षा जास्त आहे. भंगारात द्यावी लागणार," असे तो म्हणाला तेव्हा त्याचा आवाज जड झाला होता.

दट्ट्या नसलेले इंजिन ही काय भानगड, म्हणून मी वाचायला घेतले आणि त्यात रमलो.

हे इंजिन फेलिक्स वांकेल या जर्मन माणसाच्या डोक्यातून निघाले. जन्म १९०२ चा. इंजिनिअरिंगची पदवी नाही, तरुणपणी पुस्तकांच्या व्यवसायात नोकरी. तो स्वतः गाडी चालवत नसे असेही सांगतात. हिटलरच्या पक्षाशी आणि राजवटीशी त्याचे संबंध होते, हा त्याच्या चरित्रातला काळा भाग. तो झाकण्याचे कारण नाही. दट्ट्या वर जातो, थांबतो, खाली येतो, पुन्हा थांबतो. ही धडपड वांकेलला पटत नसे. सारे काही गोल फिरावे हा त्याचा ध्यास. १९२९ मध्ये त्याने पहिले पेटंट घेतले, पण प्रत्यक्ष इंजिन फिरले ते १ फेब्रुवारी १९५७ रोजी, नेकार्सउल्म गावच्या एनएसयू कंपनीत. त्याची रचना फार गुंतागुंतीची होती. त्याच कंपनीतल्या हान्स डिटर पाश्के याने पुढच्या वर्षी ती सोपी केली, आणि तेच रूप जगभर गेले.

रचना समजायला कठीण नाही. कमरेत किंचित आवळलेला लंबगोल डबा डोळ्यांपुढे आणा. त्यात फुगीर बाजूंचा एक तिकोन फिरतो, साधारण जाड सामोशासारखा. त्याची तिन्ही टोके डब्याच्या भिंतीला सतत टेकलेली. त्यामुळे तिकोनाची प्रत्येक बाजू आणि भिंत यांत एक अशा तीन खोल्या होतात, आणि तिकोन फिरेल तशा त्या लहानमोठ्या होतात. मोठी होताना मिश्रण आत, लहान होताना दाबले, पेटले, बाहेर टाकले. झडपा नाहीत, दट्ट्याची धडपड नाही. छोटेसे इंजिन, पण जोर मोठा.

मग सगळ्या गाड्यांत हेच का नाही? उत्तर त्या तीन टोकांत आहे. दट्ट्याच्या गोल रिंगा गोल नळ्यात बसतात. इथे मात्र टोकाला एक बारीक पट्टी, आणि तिने वेड्यावाकड्या भिंतीवरून अखंड घसरत राहायचे, तेही दाब निसटू न देता. शिवाय तिकोनाच्या दोन्ही अंगांना प्रत्येक बाजूसाठी वेगळ्या पट्ट्या. या पट्ट्यांनीच इंजिनाचे भवितव्य ठरवले. हिरोशिमाच्या माझ्दाने (तेव्हाचे नाव तोयो कोग्यो) १९६१ मध्ये एनएसयूकडून परवाना घेतला. त्यांच्या सुरुवातीच्या इंजिनांत पट्ट्या थरथरून भिंतीवर ओरखडे उठत. त्यांना तिथल्या लोकांनी सैतानाच्या नखांच्या खुणा असे नाव दिले होते. केनिची यामामोतो आणि त्यांचे सहकारी मिळून सत्तेचाळीस जण. जपानी कथेतल्या सत्तेचाळीस सामुराईंवरून त्यांना तसेच म्हणत. त्यांनी अ‍ॅल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनची पट्टी करून ते ओरखडे थांबवले, आणि १९६७ च्या मे महिन्यात कॉस्मो गाडी बाजारात आली.

त्याच वर्षी एनएसयूने आरओ-८० काढली. पुढच्या वर्षी ती युरोपातली सर्वोत्तम गाडी ठरली. पण टोकाच्या पट्ट्या लवकर झिजू लागल्या आणि वॉरंटीत इंजिनामागून इंजिन बदलून देता देता कंपनी टेकीला आली. रस्त्यात दोन आरओ-८० वाले भेटले की एकमेकांना बोटे दाखवून किती इंजिने बदलली ते सांगत, अशी एक आख्यायिका आहे. १९६९ मध्ये एनएसयू फोक्सवॅगनच्या पोटात गेली. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने १९७० मध्ये पाच कोटी डॉलरचा करार करून हेच तंत्र घेतले होते. पण १९७३ चे तेलसंकट आले आणि १९७४ मध्ये त्यांनी ते बासनात बांधले, कारण गळके इंजिन पेट्रोल फार पिते. हीच जनरल मोटर्स २००८ मध्ये आमच्या मावळात तळेगावला कारखाना घेऊन आली आणि २०२० च्या अखेरीस उत्पादन थांबवून गेली, म्हणून हे नाव वाचताना मी जरा थबकलो. आता तो कारखाना ह्युंदाईकडे आहे.

शेवटी उरली ती एकटी माझ्दा. १९९१ मध्ये फ्रान्समधली ल माँची चोवीस तासांची शर्यत तिने याच इंजिनावर जिंकली. आरएक्स-८ ही २०१२ पर्यंत बनत होती. तिच्याही इंजिनांबाबत तक्रारी इतक्या आल्या की अमेरिकेत इंजिनाची वॉरंटी आठ वर्षे किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवावी लागली. वॉरंटीत नवे इंजिन द्यायचे की नाही हे कॉम्प्रेशनच्या आकड्यावर ठरे. म्हणजे तो आकडा नुसता आकडा नव्हता, निकालपत्र होते.

भाच्याने आपले निकालपत्र आणि माझ्दाच्या पुस्तकातली पाने मला पाठवली. मी ती घेऊन गेलो आमच्या कॉलनीतल्या एका निवृत्त नौसैनिकाकडे. लोणावळ्यात आयएनएस शिवाजी आहे, १९४५ च्या फेब्रुवारीत सुरू झालेली. आरमाराचे यंत्रतज्ज्ञ समुद्रापासून इतक्या दूर, डोंगरावर तयार होतात. त्यातले काही निवृत्तीनंतर इथेच राहतात. या गृहस्थांचे आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलेले. त्यांनी चष्मा लावला, पाने दोनदा वाचली आणि म्हणाले, "सर, आधी एक सांगा, हा आकडा कुठे घेतलाय?"

मला वाटले गॅरेजचे नाव विचारतात. पण त्यांना गावाची उंची हवी होती.

त्यांनी समजावले ते असे. या इंजिनात दोन तिकोन, प्रत्येकाला तीन बाजू, म्हणून आकडे सहा हवेत. साध्या गेजात हवा परत जाऊ नये म्हणून एक छोटी झडप असते. तिच्यामुळे काटा सर्वांत मोठ्या दाबावर जाऊन अडकतो. दट्ट्याच्या इंजिनाला ते ठीक, कारण एका भोकाखाली एकच खोली. पण इथे एकाच भोकापुढून तिन्ही बाजू आळीपाळीने जातात. दोन बाजू फुटक्या आणि एक धड असली तरी साधा गेज धड बाजूचाच आकडा दाखवणार. आपण म्हणतो शितावरून भाताची परीक्षा, पण इथे सगळ्यांत शिजलेले शीत तेवढे वर येते आणि खालचा भात कच्चाच असतो. म्हणून या इंजिनाला वेगळे यंत्र लागते, जे तिन्ही आकडे वेगळे देते. ते नसेल तर गेजची झडप दाबून धरायची आणि काट्याच्या तीन उड्या सारख्या आहेत का ते पाहायचे.

मग त्यांनी पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवले. पुस्तकाप्रमाणे इंजिन मिनिटाला २५० फेऱ्यांनी फिरवले असता नव्या इंजिनाचा दाब चौरस सेंटिमीटरला ८.५ किलो, म्हणजे टायरच्या भाषेत १२० पौंड. किमान ६.९. एकाच तिकोनाच्या तीन बाजूंत १.५ पेक्षा जास्त फरक नको आणि दोन तिकोनांत १ पेक्षा जास्त नको.

"आता समजा ७.८, ५.२, ५.३ असे आले," ते म्हणाले. "दोन बाजू पडल्या. तिकोनाच्या कोणत्याही दोन बाजूंत एक टोक सामाईक असतं. म्हणजे त्या टोकाची पट्टी गेली असणार. ७.८, ७.७, ५.१ आले तर? एकच बाजू पडली. मग टोकावर आळ घेऊ नका, त्या बाजूच्या अंगची पट्टी तपासा. आणि तिन्ही सारखेच कमी आले तर मात्र घाई करू नका. सगळीकडे सारखी झीज झाली असेल किंवा इंजिन बिचारं निर्दोषही असेल."

निर्दोष कसे? तर बॅटरी उतरलेली असली की सेल्फ इंजिनाला सावकाश फिरवतो. सावकाश फिरले की दाबलेल्या हवेला निसटायला जास्त वेळ मिळतो आणि आकडा पडतो. इंजिन थंड असले, हवेचे दार पूर्ण उघडले नसले, पेट्रोल जास्त होऊन आतले तेल धुऊन गेले असले, तरी आकडा पडतो. उलट विकणाऱ्याने प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडले तर फटी तात्पुरत्या बुजून आकडा चढतो. जुने मिस्त्री हाच तेलाचा प्रयोग प्रामाणिकपणे करत, रिंगा गेल्या की झडपा हे ओळखायला. साधन एकच, वापरणाऱ्याची नियत वेगळी.

आणि उंची. इंजिन दाबणार ती भोवतालचीच हवा. लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास; इथे हवेचा दाब मुंबईच्या साधारण ९३ टक्के. मुंबईत ७.२ दाखवणारे इंजिन घाट चढून आले की ६.७ दाखवणार. म्हणजे तेच इंजिन, त्याच दिवशी, दादरला पास आणि लोणावळ्याला नापास! घाटात गाड्यांचा दम जायचा त्यात थोडा वाटा या विरळ हवेचाही होता तर.

डेन्व्हर एक मैल उंचीवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ८२ टक्के. भाच्याचे आकडे होते ६.६, ६.५, ६.६ आणि ६.४, ६.५, ६.५. सगळे ६.९ च्या खाली, म्हणून गॅरेजवाल्याने लाल शेरा मारला होता. आम्ही ते ८२ टक्क्यांच्या हिशेबाने समुद्रसपाटीला आणले तेव्हा ७.८ ते ८ च्या दरम्यान आले. सहाही बाजू जवळजवळ सारख्या. शेजारी कागद माझ्याकडे सरकवत म्हणाले, "हे इंजिन गेलेलं नाही. सुरू व्हायला वेळ लागतो तर आधी प्लग आणि कॉइल बघायला सांगा." भाच्याने दुसरीकडे दाखवली. प्लग आणि कॉइल बदलल्या, गाडी सुरू होऊ लागली. तीन वर्षे झाली, अजून चालते आहे.

ही गोष्ट ऐकून कुणी असे समजू नये की नापास आकडा नेहमी खोटाच असतो. डेन्व्हरलाच ४.५ आले असते तर हिशेब करूनही ते साडेपाचच्या आत राहिले असते, आणि मग नवे इंजिन हाच मार्ग होता. हिशेब करायचा तो इंजिनाला वाचवण्यासाठी नव्हे, खरे काय ते कळण्यासाठी.

या तिकोनी इंजिनाचा महाराष्ट्राशीही संबंध आहे, हे मला या वाचनातच समजले. लष्करासाठी 'निशांत' नावाचे वैमानिकरहित विमान आपल्याकडे तयार झाले, त्याला परदेशी वांकेल इंजिन होते. ते देशात करायचे ठरले तेव्हा बंगळुरूच्या दोन संस्थांबरोबर नगरच्या वाहन संशोधन संस्थेने (आता अहिल्यानगर म्हणायचे) ते काम उचलले. जवळपास तीस किलो वजनाचे, पंचावन्न अश्वशक्तीचे इंजिन. २००९ मध्ये कोलारजवळ निशांत त्यावर उडाले. तिथेही कळीचा प्रश्न तोच, भिंतीवरचा कठीण मुलामा आणि त्यावर घसरणारी पट्टी. निशांत पुढे सैन्यात टिकले नाही. २०१५ पर्यंत हाती असलेली विमाने अपघातांत गेली आणि तो प्रकल्प गुंडाळला गेला. पण नगरच्या माळावर कुणीतरी त्या तीन फटींशी झुंजले होते, याचे मला अप्रूप वाटते. माझ्दानेही २०२३ पासून हे इंजिन पुन्हा आणले आहे, चाके फिरवायला नव्हे तर विजेच्या गाडीची बॅटरी भरायला.

आयुष्यभर मी पेपर तपासले. पस्तीसला पास, चौतीसला नापास. ती रेघ कुठेतरी आखावी लागते, त्याशिवाय काम चालत नाही, हे मला मान्य आहे. पण आमच्याकडे आंदर मावळातून सात-आठ किलोमीटर चालत येणारी मुले होती, आणि बाजारपेठेतली शिकवणी लावणारीही होती. दोघांच्या पेपरावर चौतीसच लिहिले जाई. तो आकडा खोटा नसे. मात्र तो कोणत्या उंचीवर घेतला, किती फेऱ्यांना घेतला, आणि तीन बाजूंपैकी कोणती पडली, हे निकालपत्रावर लिहायला जागाच नसे. सरासरीचा रकाना तर त्या साध्या गेजचा भाऊच. गणितात पडलेला आणि भाषेत उजळलेला मुलगा त्यात सपाट होऊन जाई.

आता तर आपल्या सगळ्यांच्याच हातात आकडे असतात. रक्ततपासणीचे कागद, शाळांचे क्रमांक, कर्जासाठी बँक पाहते तो स्कोअर. या प्रत्येक कागदावर किमान आणि कमाल छापलेले असते, त्यामुळे वाचायचे काही उरले नाही असे वाटते. तसे वाटले की थोडे थांबावे आणि त्या नौसैनिकाने विचारला तो साधा प्रश्न विचारावा, हा आकडा कुठे घेतला?

असो. गाडीवाल्या वाचकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबतो. घाटमाथ्यावर जुनी गाडी विकत घेणार असाल, दट्ट्याची असो वा तिकोनी, तर बॅटरी चार्ज करून घ्या, इंजिन गरम करा, सगळे आकडे वेगवेगळे लिहून घ्या आणि शेजारी गावाचे नावही लिहा. मग निकाल लावा.